सहपत्रातील संकट आणि शंकेचा अधिकार

मराठी राज्यकारभाराच्या जुन्या कागदपत्रांत पत्राच्या शिरोभागी मुद्रा आणि मजकुराच्या शेवटी मोर्तब उमटविण्याचा प्रघात होता. मुद्रेने पत्र कोणाचे हे सिद्ध होई. मोर्तबाने मजकूर कोठे संपला हे ठरे, आणि मग त्याखाली कोणाला एक ओळही वाढविता येत नसे. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आज सहज वापरतो. पण पत्र खरोखर कोणी पाठविले आणि त्याच्यासोबत आणखी काय आले, या दोन प्रश्नांच्या उत्तरासाठी तो प्रघात पडला होता, हे आपल्या ध्यानी राहिलेले नाही. संगणकावरून येणाऱ्या पत्रांच्या, म्हणजेच ई-मेलच्या, बाबतीत हेच दोन प्रश्न पुन्हा उभे राहिले आहेत. आणि ते न विचारता पत्र उघडण्याची सवय आपल्याला फार महाग पडू लागली आहे.

ज्याला आपण बोलताना अटॅचमेंट म्हणतो त्याला कचेरीच्या मराठीत ‘सहपत्र’ हा जुना व नेमका शब्द आहे. कागदी सहपत्र निरुपद्रवी असे. ते वाचले काय अन् न वाचले काय, ते टेबलावर पडून राही. संगणकीय सहपत्राचे तसे नाही. त्याच्या पोटात मजकुराऐवजी आज्ञावली असू शकते, म्हणजे संगणकाने पार पाडावयाच्या हुकुमांची यादी. आणि असे सहपत्र आपण उघडतो तेव्हा आपण काही वाचत नसून त्या हुकुमांच्या अंमलबजावणीस आपल्याच अधिकाराने संमती देत असतो. फसवणुकीचे सारे मर्म या एका भेदात आहे.

या संकटाविषयी बोलताना ‘नागरिकांनी सावध राहावे’ एवढाच उपदेश सामान्यतः केला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, रक्षणाचा सारा भार टपाल उघडणाऱ्या शेवटच्या माणसावर टाकून संस्थांना मोकळे होता येणार नाही. ज्या संस्थेत वरिष्ठाच्या नावाने आलेल्या पत्राविषयी शंका विचारणे हा उद्धटपणा समजला जातो, ती संस्था कितीही किमती संरक्षक आज्ञावली विकत घेवो, तिचे दार उघडेच राहते.

कचेऱ्यांचे नगर

या विषयाचा विचार करण्यास चंडीगढसारखे दुसरे योग्य नगर क्वचितच सापडेल. फाळणीत लाहोर गेल्यानंतर पूर्व पंजाबला राजधानी हवी होती, म्हणून हे नगर वसविण्यात आले. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. १ नोव्हेंबर १९६६ पासून ते पंजाब व हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानी आहे आणि स्वतः केंद्रशासित प्रदेशही आहे. एकाच नगरात तीन प्रशासने, एक उच्च न्यायालय, एक विद्यापीठ, पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था, केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटन. त्याशिवाय निवृत्त अधिकाऱ्यांची मोठी वस्ती. अशा ठिकाणी दिवस उजाडतो तो आदेश, परिपत्रक, स्मरणपत्र आणि सोबतचे सहपत्र यांच्यासह. ज्या गावी खऱ्या आदेशांचा एवढा ओघ आहे, तेथे खोटा आदेश त्यात मिसळून टाकणे किती सोपे असेल, याची कल्पना करावी. खोटे नाणे चालते ते खऱ्या नाण्याच्या पुण्याईवर.

एक साधे उदाहरण घ्या. चंडीगढच्या चौकांत कॅमेरे बसविलेले आहेत आणि वाहतुकीचा नियम मोडणाऱ्यास दंडाची सूचना घरबसल्या मोबाईलवर येते. त्यामुळे ‘आपल्या वाहनाचे चलान निघाले आहे’ हे वाक्य येथील वाहनचालकास अजिबात नवलाचे वाटत नाही. याच विश्वासाचा गैरफायदा घेऊन अलीकडच्या वर्षांत देशभर एक फसवणूक पसरली. चलानाच्या नावाखाली व्हॉट्सअ‍ॅपवरून ‘ए-पी-के’ या अक्षरांनी संपणारी फाईल येते. ती कागद नव्हे, मोबाईलवर बसणारी संपूर्ण आज्ञावली होय. ती एकदा बसली आणि मागेल त्या परवानग्या तिला दिल्या, की बँकेने पाठविलेले गुप्त अंक ती परस्पर वाचते. खरे सरकारी चलान कधीही अशा फाईलच्या रूपाने येत नाही. ते परिवहन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर वाहनाचा क्रमांक घालून पाहता येते. लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेच्या मिषानेही हीच फाईल घरोघर पोहोचली आहे. ई-मेलमधील सहपत्राचे हे धाकटे भावंडच आहे.

परिणाम किती दूरवर जातात हे शेजारच्या पंचकुल्याने पाहिले आहे. मार्च २०१८ मध्ये उत्तर हरियाणा बिजली वितरण निगम या वीजसंस्थेच्या देयकांच्या संगणकांतील माहिती कुलूपबंद करून हल्लेखोरांनी १ कोटी रुपयांची खंडणी बिटकॉइनच्या रूपात मागितली. त्याच वर्षी ११ ते १३ ऑगस्ट या काळात पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम नाहीशी झाली. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेची जागा एका घातक आज्ञावलीने बळकाविली होती, आणि २८ देशांतील यंत्रांमधून पैसे काढले जात होते. अशा आज्ञावलीला आत शिरण्याच्या वाटा अनेक असतात. परंतु एकदा ती आत शिरली म्हणजे काय करू शकते, ते या दोन घटनांवरून दिसते. आणि या वाटांपैकी सहपत्राची वाट सर्वांत स्वस्त व सर्वांत रुळलेली आहे.

खोट्याला खऱ्याचे रूप कसे येते

ई-मेलची देवघेव ज्या नियमावलीने चालते तिचे मूळ रूप १९८२ साली निश्चित झाले. तेव्हा संगणकांचे जाळे लहान होते व ते वापरणारे बहुधा एकमेकांना ओळखणारे संशोधक होते. म्हणून प्रेषकाने आपले जे नाव लिहिले ते खरे की खोटे, हे तपासण्याची सोय त्या नियमांत ठेवलेली नव्हती. लखोट्याच्या मागे कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसाच हा प्रकार. पुढे पत्र ज्या पत्त्यावरून निघाले तो पत्ता पारखण्याच्या पद्धती आल्या आणि त्यांचा उपयोगही झाला. पण त्या केवळ एवढेच सांगतात की, पत्र अमुक पत्त्यावरून निघाले. खऱ्या खात्याच्या पत्त्यात एखादे अक्षर बदलून भामट्याने स्वतःचा नवा पत्ता नोंदविला, तर त्याचे पत्र या परीक्षेत सहज उत्तीर्ण होते! म्हणून पडद्यावर ठळक अक्षरांत दिसणारे नाव हा पुरावा नव्हे. त्यामागचा पूर्ण पत्ता अक्षर अन् अक्षर वाचला पाहिजे. आणि ओळखीच्या माणसाचे खाते चोरीस गेले असेल तर तोही पुरेसा नाही.

सहपत्राच्या वेषांतराचे प्रकार मोजकेच आहेत. पहिला, नावाचा. ४ मे २००० रोजी फिलिपाइन्समधून निघालेले एक पत्र काही तासांत जगभर पसरले. विषय होता ‘आय लव्ह यू’. सहपत्राच्या नावाच्या शेवटी ‘टीएक्सटी’ आणि त्यापुढे ‘व्हीबीएस’ अशी दोन पुच्छे होती. विंडोज संगणक शेवटचे पुच्छ लपवून ठेवीत असल्यामुळे पाहणाऱ्याला ती साधी मजकुराची फाईल वाटली. वास्तविक ती आज्ञावली होती. ती संगणकातील अनेक फाईली नष्ट करी आणि पत्तेवहीतील सर्वांना तेच प्रेमपत्र धाडी. ब्रिटनच्या लोकसभेला आपली ई-मेल व्यवस्था काही काळ बंद ठेवावी लागली. अशा कृत्यास शिक्षा देणारा कायदा त्या वेळी फिलिपाइन्समध्ये नव्हता, म्हणून संशयितावरील खटला सोडून द्यावा लागला. भारताचा माहिती तंत्रज्ञान अधिनियम त्याच वर्षी १७ ऑक्टोबरपासून अंमलात आला.

दुसरा प्रकार मॅक्रोचा. वर्ड किंवा एक्सेलच्या खऱ्याखुऱ्या दस्तऐवजात काही हुकूम दडविता येतात आणि ‘मजकूर दिसण्यासाठी येथे दाबा’ असे सांगून वाचणाऱ्याकडूनच ते सुरू करविले जातात. मार्च २०२० मध्ये, करोनाची धास्ती नुकतीच पसरू लागली असता, भारत सरकारच्या आरोग्यविषयक सूचनेचे रूप घेतलेला असा एक दस्तऐवज पाठविण्यात आला होता. उघडणाऱ्याचा संगणक दुरून हाताळण्याची सोय तो करून देई. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने बाहेरून आलेल्या फाईलींतील मॅक्रो आपोआप रोखण्यास आरंभ केला. तेव्हा भामट्यांनी वाट बदलली. झिप गठ्ठ्यात बांधलेले, कागदाचे चित्र धारण करणारे ‘शॉर्टकट’ अधिक दिसू लागले. ही युक्तीही अगदी नवी नव्हती. भारतीय संरक्षण दलांतील लोकांवर याच तऱ्हेने रोखलेल्या एका दीर्घ मोहिमेचा छडा सप्टेंबर २०२० मध्ये पुण्याच्या क्विक हील या कंपनीच्या प्रयोगशाळेने प्रसिद्ध केला होता. कैलास व संजय काटकर या बंधूंनी यंत्रदुरुस्तीच्या छोट्या व्यवसायातून ही कंपनी उभारली, ही मराठी वाचकांस अभिमानाची गोष्ट आहे.

तिसरा प्रकार कुलूपबंद गठ्ठ्याचा. सहपत्राला परवलीचा शब्द घातलेला असतो आणि तो शब्द त्याच पत्रात लिहिलेला असतो. हे गोपनीयतेसाठी केले आहे असे भासते. पेटीला कुलूप लावून किल्ली तिच्याच कडीला बांधण्यात कसली गोपनीयता? या कुलपाचा हेतू एकच: वाटेत तपासणी करणाऱ्या यंत्रांना आत डोकावता येऊ नये.

बळी लोभाचा की कर्तव्याचा?

फसला गेलेला मनुष्य लोभी वा मूर्ख असला पाहिजे, असा एक समज आपल्याकडे दृढ आहे. घटना तसे सांगत नाहीत. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगला देशाच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर मनिलातील खात्यांत वळविण्यात आले. त्याचा उगम शोधीत गेलेल्या अमेरिकी तपास यंत्रणांना आधीच्या वर्षी आलेली एक साधी, विनयशील पत्रे सापडली. एका उमेदवाराने नोकरीसाठी विनंती केली होती आणि आपले परिचयपत्र उतरवून पाहावे असे सुचविले होते. ते ज्याने उतरविले त्याने कोणता लोभ धरला होता? उमेदवाराचा अर्ज वाचणे हे तर सभ्यतेचे काम. आरोग्याची सूचना वाचणारा, चलान भरू पाहणारा, वरिष्ठांचा आदेश तातडीने पाळणारा, हे सारे आपापले कर्तव्यच करीत असतात. भामटा सद्गुणांवर जाळे टाकतो, म्हणूनच केवळ नीतीचा उपदेश त्याच्यापुढे निष्प्रभ ठरतो.

भीतीचे प्रसंग त्याला विशेष प्रिय असतात. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे दहशतवादी हल्ला झाला आणि त्यानंतर अवघ्या काही दिवसांत त्या हल्ल्याविषयीचा सरकारी अहवाल असल्याचे भासविणारी घातक सहपत्रे शासकीय व संरक्षण कर्मचाऱ्यांच्या रोखाने निघाली. पुढच्याच महिन्यात चंडीगढने दिवे मालवून काढलेल्या रात्री पाहिल्या. त्या दिवसांत ‘डान्स ऑफ द हिलरी’ नावाची फाईल उघडू नका, अशी सूचना मोबाईलवरून वणव्यासारखी पसरली. अशाच शब्दांची, ‘डान्स ऑफ द पोप’ या नावाची सूचना त्यापूर्वी कित्येक वर्षे फिरत होती, हे फार थोड्यांना आठवले. पारख न करता सहपत्र उघडणे आणि पारख न करता इशारा पुढे धाडणे, ही दोन्ही एकाच रोगाची लक्षणे आहेत. खोट्या इशाऱ्यांचा एवढा गलबला झाला की खरा इशारा कोणी ऐकत नाही.

दोष कोठे आहे

आता मूळ मुद्द्याकडे वळू. आपल्या संस्थांचे रोजचे वर्तन कसे आहे? मुख्याध्यापकांना रात्री दहा वाजता एखाद्या अनोळखी खाजगी पत्त्यावरून तक्ता येतो: ‘अतितातडीचे, सोबतची फाईल उद्या सकाळपर्यंत भरून पाठवावी.’ पत्र खरेच वरिष्ठ कार्यालयाचे असते. सही नाही, जावक क्रमांक नाही, चौकशीसाठी दूरध्वनी नाही. केवळ घाई आणि धाक. असे पत्र दहा वेळा खरे ठरले म्हणजे अकरावे, खोटे पत्र उघडण्याची तालीम आपण त्या शिक्षकाला स्वतःच दिलेली असते. भामट्याला मग वेगळे नाटक रचावे लागत नाही. आपल्या कार्यालयाची नक्कल केली की भागते. शाळा-महाविद्यालये या धोक्याच्या बाहेर आहेत असेही कोणी समजू नये. शिक्षणविषयक दस्तऐवजांच्या मिषाने भारतातील विद्यार्थी व शिक्षणसंस्था यांना लक्ष्य केल्याचे संशोधकांनी २०२२ व २०२३ मध्ये दाखवून दिले आहे.

दुसरा दोष शिक्षेचा. सहपत्र उघडले गेले, पडद्यावर काही विचित्र घडले, तर लिपिक ते सांगत नाही. कारण सांगितले तर ठपका त्याच्यावरच येणार. तो संगणक बंद करून घरी जातो, आणि ज्या घटकांत अनर्थ रोखता आला असता त्या हातून निसटतात. येथे कोणी म्हणेल की, शिक्षेचा धाक नसेल तर बेफिकिरी वाढेल. पण धाकाने चूक थांबत नाही, केवळ तिची वार्ता थांबते. जी संस्था पहिली खबर देणाऱ्याची पाठ थोपटते तिला आग लागल्याचे धुरावरून कळते. जी त्याला दटावते तिला राखेवरून.

‘यंत्रेच यंत्रांचा बंदोबस्त करतील’ असे मानणाराही एक पक्ष आहे. चाळण्या हव्यात, अद्ययावत आज्ञावली हव्यात, यात वाद नाही. पण नवी युक्ती निघाल्यापासून चाळणीला ती ओळखता येईपर्यंत मधला काळ माणसालाच सांभाळावा लागतो. याच्या उलट, ‘कोणतेच सहपत्र उघडू नका’ हा उपदेशही व्यर्थ होय. ज्याचे कामच अर्ज उघडण्याचे आहे त्याने काय करावे? उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे, आणि ते विज्ञानाच्या विद्यार्थ्याला परिचित आहे: एका साधनाने घेतलेले माप दुसऱ्या, स्वतंत्र साधनाने पडताळून पाहणे.

आचाराचे नियम

म्हणून पहिला नियम दुसऱ्या वाटेचा. अनपेक्षित सहपत्र आले, तर पत्रातील क्रमांकावर नव्हे, आपल्या नोंदवहीतील क्रमांकावर दूरध्वनी करून ‘हे आपणच पाठविले काय?’ असे विचारावे. दोन मिनिटांचे हे काम आहे. घाई जितकी मोठी दाखविली असेल तितकी ही चौकशी अधिक अगत्याची समजावी. दुसरा नियम पुच्छाचा. फाईलचे पूर्ण नाव दिसेल अशी संगणकात व्यवस्था करावी. ‘ई-एक्स-ई’, ‘व्ही-बी-एस’, ‘जे-एस’, ‘एल-एन-के’, ‘ए-पी-के’ यांनी संपणारी फाईल टपालातून आली तर ती उघडू नये. पीडीएफ दिसली म्हणून निर्धास्त होऊ नये. तिच्यातील कळ किंवा दुवाही दुसरीकडे नेऊ शकतो. तिसरा नियम अधिकाराचा. शाळेच्या व ग्रंथालयाच्या सामायिक संगणकावर रोजचे काम मर्यादित अधिकारांच्या खात्यातून करावे, म्हणजे शिरलेल्या आज्ञावलीचेही हात बांधलेले राहतात. चौथा नियम प्रतीचा. विद्यार्थ्यांच्या नोंदी, ग्रंथसूची, हिशेब यांची एक प्रत संगणकापासून वेगळी काढून कपाटात ठेवावी. जोडून ठेवलेली प्रत खंडणीखोर तिच्या मूळासह कुलूपबंद करतो.

चूक झालीच तर संगणकाची जाळ्याशी असलेली जोडणी तत्काळ तोडावी, पत्र पुसून न टाकता पुरावा म्हणून राखावे, दुसऱ्या यंत्रावरून परवलीचे शब्द बदलावे आणि जबाबदार व्यक्तीस त्याच क्षणी कळवावे. पैशांची हानी झाली असेल तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ते अडविता येण्याचा संभव पहिल्या काही तासांतच अधिक असतो.

हे नियम वाचणाऱ्यासाठी झाले. पाठविणाऱ्यासाठीही नियम हवेत, आणि ते अधिक निकडीचे आहेत. कार्यालयांनी केवळ अधिकृत पत्त्यावरून लिहावे, जावक क्रमांक व चौकशीचा दूरध्वनी द्यावा, चार ओळींचा मजकूर सहपत्रात न कोंबता पत्रातच लिहावा आणि ‘अतितातडीचे’ हा शब्द जपून वापरावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक संस्थाप्रमुखाने आपल्या सहकाऱ्यांना लेखी कळवावे की, माझ्या नावाने आलेल्या कोणत्याही पत्राची खातरजमा करण्यासाठी मला केव्हाही विचारावे. त्याबद्दल कोणालाही बोल लावला जाणार नाही. या एका परिपत्रकास खर्च काहीच येत नाही, आणि तरीही ते निघालेले क्वचितच दिसते.

१९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आपल्या राज्यघटनेत वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधकबुद्धी यांचा विकास करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिले गेले. हे कर्तव्य केवळ प्रयोगशाळेतील उपकरणांपुरते नाही. टपाल उघडणारा शिपाई, तक्ता भरणारी शिक्षिका, निवृत्तिवेतनाची चौकशी करणारा वृद्ध यांनी ‘हे कशावरून?’ असे विचारणे हाही त्याचाच आचार होय. तो प्रश्न विचारण्याचे धैर्य शाळेने शिकवावे, आणि तो ऐकून घेण्याची सहनशीलता कार्यालयांनी अंगी बाणवावी.